बाईला बाई

१९ नोव्हेंबर १९३७. भोर.

यांच्या मोटारीनं आज भाटघरची एक बाई पाडली. मेली नाही. मेली नाही! — दोनदा लिहिलं, तेव्हा खरं वाटलं.

धरणाच्या अलीकडच्या वळणावर ती गवताचा भारा डोक्यावर घेऊन चालली होती. मोटारीची कड भाऱ्याला लागली. भारा फिरला, भाऱ्याखाली बाई फिरली, दोन्ही चरात. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. यांनीच तिला उचलून तिच्या घरी नेलं. हाडवैद्यानं पाय ओढून बसवला, बांबूच्या कामट्या बांधल्या. तेवढा वेळ ती यांना शिव्या देत होती. "एक शिवी दुसऱ्यांदा आली नाही," हे म्हणाले. हसावं की रडावं ते त्यांना कळत नव्हतं. सदऱ्याला गवत चिकटलेलं.

सासूबाईंनी विचारलं, "मोटारीला काय झालं न्हाई ना, मानसिंग?"

काही झालं नाही. शेत विकून घेतलेली जुनी मोटार आहे. भोरहून पुण्याला सवाऱ्या नेते, आणते. आमच्या तिघांचं पोट तिच्यावर.

२० नोव्हेंबर.

बाईचं नाव रतनबाई. घरात नवरा गेनबा आणि सासरा कोंडिबा. एकच मुलगी, ती वेल्ह्याला दिलेली. म्हणजे घरात बाई एकटीच, आणि ती आता खाटेवर. भात खळ्यावर येऊन पडलाय.

उद्या गाव चावडीवर बसणार. यांना बोलावणं आलंय.

२१ नोव्हेंबर.

लिहिताना हसू येतंय. हसू नये, पण येतंय.

हे गेले तेव्हा फेटा नीट बांधलेला होता, आले तेव्हा तो काखेत होता. तांब्याभर पाणी प्यायले. मग एकदम सगळं बोलले.

यांनी म्हणे गेल्या गेल्याच सांगून टाकलं — औषधपाणी करतो, पैसा देतो, काय म्हणाल ते देतो. तेव्हा म्हातारा कोंडिबा उठला. "पैसा नगं. आमची जिमीन धरनात गेली तवा सरकारनं पैसा दिला. जिमीन अजून हाय, पान्याखाली. उन्हाळ्यात पानी उतरलं की बांध दिसत्यात. पैसा कुठं हाय? तो कुनाला दिसतो का?" चावडी हसली. म्हातारा हसला नाही. "पाय वैद्य बघंल. आमचं नुकसान पायाचं न्हाई, कामाचं हाय. घरातलं काम पडलंय. ते भरून द्या."

मग चिमाजी पाटलांनी रीत काढली. ऐन हंगामात एकाच्या बैलानं दुसऱ्याचा बैल जायबंदी केला, तर मारणाऱ्याच्या गोठ्यातला बैल त्या घरी जातो. जखमी बैल उभा राहीपर्यंत तिथं काम करतो. "बैलाला बैल. मंग बाईला बाई."

हे म्हणाले, मजुरीनं एखादी बाई लावून देतो.

"भाड्याचा बैल चालत न्हाई, मानसिंग. तुमच्याच दावनीचा पायजे."

रतनबाई बरी होऊन चावडीत स्वतःच्या तोंडानं 'भरून पावले' म्हणाली की आम्ही सुटलो. नाही म्हणाली, तर भोरच्या कोर्टात फिर्याद. मोटारीचं लायसन गेलंच समजायचं.

सासूबाईंनी लगेच पदर तोंडाला लावला. "माझं गुडघं." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. "पन हिला काय येतंय?" सासूबाई.

खरंच आहे. पुण्याची. मराठी फायनल पास. वडील छापखान्यात खिळे जुळवतात. लग्न होऊन आले त्या दिवशीच सासूबाई म्हणाल्या, "तुला जमायचं न्हाई, तू बस." बसले. तेव्हापासून बसलेच आहे. स्वैपाकघरात जाते ती पाहुणीसारखी, ताट झाल्यावर.

"मी जाईन," म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की यांनी दचकून पाहिलं.

२३ नोव्हेंबर. भाटघर.

मी नुकसानभरपाई आहे!

मोटारीतून उतरले तर अर्धं गाव बघायला. हे ट्रंक घेऊन पुढे, मी मागे, पोरं त्यामागे. रतनबाई खाटेवर, पाय कोंड्याच्या पोत्यावर ठेवलेला. चाळिशीची असेल. काळी, काटक, डोळे मोठे. मला वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं.

"दात दाव."

मी दाखवले! काय करणार? ती इतकी हसली की पाय दुखून कळवळली, आणि कळवळता कळवळता पुन्हा हसली. "नांगराला न्हाई चालायची. शेनाला चालंल."

नाव विचारलं. सांगितलं. "ऱ्हाऊ दे. म्या भरपाई म्हननार."

हे निघाले तेव्हा तोंड उतरलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी शेणाची पाटी शोधत होते.

२४ नोव्हेंबर.

जातं. पुण्यात गिरणी, भोरला सासूबाई — खुंट्याला आज पहिल्यांदा हात लावला. रतनबाई खाटेवरून सांगते आणि मी फिरवते. "मूठ लहान घाल. घास घालतात तसं. तुला कुनी येवढा घास घातला तर चालंल का?" पीठ निघालं ते पीठ नव्हे, रवा. त्याची भाकरी थापली. तव्यावर जाईपर्यंत तिला किनारे फुटले.

कोंडिबांनी भाकरी दोन्ही हातांत धरून उजेडात नेली. "धरनाच्या सायबाकडं असला नकाशा हुता. ही बघा नदी. आन ह्ये आपलं घर, ह्ये बुडालं." तेवढा तुकडा कालवणात बुडवून खाल्ला.

गेनबा काही बोलला नाही. तो बोलतच नाही. पण नकाशा सगळा संपवला.

२५ नोव्हेंबर.

हातांना फोड. लेखणी धरवत नाही. झोप मात्र अशी की पडले आणि सकाळ झाली!

२७ नोव्हेंबर.

म्हशीनं दूध चोरलं. गेनबा खळ्यावर, म्हणून धार माझ्याकडे. मी बसले की ती पान्हा वर ओढून घेते, आणि मान वळवून माझ्याकडे असं बघते — सासूबाईंसारखं. रतनबाईनं आतून ओरडून सांगितलं, "माझं लुगडं नेस. तिला माझा वास लागतो."

नेसले. नऊवारी, धुवट, काठापदराला चुलीच्या धुराचा वास. डोक्यावरून पदर घेतला. म्हशीनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि सोडला पान्हा! चरवी अर्धी भरली. मी गुणगुणायला लागले.

तेवढ्यात मागून गेनबा. "रतने! खाली कशाला उतरलीस? पाय काय फुकट आलाय व्हय? चल, उचलतो."

मी वळले.

त्याच्या हातातून दावं पडलं. रेडकू सुटलं. रेडकू म्हशीकडे, म्हैस रेडकाकडे, चरवी आडवी, गेनबा दाराबाहेर. इतकं पळताना मी मोठ्या माणसाला पाहिलं नाही. आतून रतनबाई — "हसवू नगा रं मेल्यांनो, हाड सांधतंय माजं!"

संध्याकाळी गेनबा गोठ्यात शिरण्याआधी खाकरला. दोनदा.

३० नोव्हेंबर.

सारवण. कोणी सांगितलं नव्हतं, माझ्या मनानंच केलं. शेण कालवलं, दारापासून सुरुवात केली. सुरेख हात वळत होता! अर्धवर्तुळं, एकाला एक लागून. मागे सरकत सरकत गेले — आणि पाठ चुलीपलीकडच्या भिंतीला लागली. समोर सगळी ओली जमीन. दार पलीकडे.

उभी राहिले.

रतनबाईला खाटेवरून सगळं दिसत होतं. सुरुवातीपासून. बोलली नाही! "म्या म्हनलं, पुन्याची रीत असंल." मग गावातल्या बायका एकेक येऊन दारातून बघून गेल्या. एकीनं तिथूनच भाकरीचा तुकडा फेकला. मी झेलला. जमीन वाळेपर्यंत तिथंच उभी होते, आणि खरं सांगायचं तर कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती.

रतनबाई रोज संध्याकाळी एकच विचारते. "मंग? चावडीत काय म्हनू?" मी म्हणते, तुमची मर्जी. "बघू," म्हणते. आज म्हणाली, "सारवन बरं हाय. बाई अडकली, पन सारवन बरं हाय."

४ डिसेंबर.

सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना हे वळणावर भोंगा वाजवतात. पहिले काही दिवस मी रस्त्यावर धावत जायची. आज भोंगा झाला तेव्हा मी उखळावर होते. मुसळ वर होतं. खाली आणलं. पुन्हा वर नेलं. मग आठवलं.

५ डिसेंबर.

म्हणून हे स्वतःच आले! गूळ घेऊन. रतनबाई: "या मानसिंग. बैल बघायला आला? वैरन खातोय, काळजी नगं." यांनी विचारलं, काम नीट करते का. "म्हशीला इचारा."

मी लुगड्यात, हात शेणात. यांनी आधी मला ओळखलंच नाही. ओळखल्यावर बघतच राहिले. जाताना हळूच म्हणाले, "तुला त्रास होतोय का?" मी म्हणाले, खूप. आणि हसले. ते गोंधळून गेले.

७ डिसेंबर.

दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. रतनबाईनं सहज विचारलं, "भोरात काय काय करतीस गं घरात?"

"काही नाही."

"काय न्हाई म्हंजे?"

"सासूबाई करू देत नाहीत."

तिचा हात सुपात थांबला. "म्हंजे रिकामा बैल दिला व्हय आमाला!" आवाज इतका मोठा की बाहेर कोंडिबा खोकले. मी तिचे पाय — पाय कसले, एकच चांगला पाय — धरला. चावडीत बोलू नका, मोटार जाईल. ती कितीतरी वेळ खडे वेचत राहिली.

"तुझी सासू म्हातारी झाली, तरी तिला काय हौस हाय व्हय एकटीनं राबायची?"

"आहे."

"मंग भीत असंल."

"कशाला?"

"तू केलंस तर ती काय करनार?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं.

९ डिसेंबर.

माझ्या हातून काय झालं ते लिहिते.

माजघरात भाताच्या दोन कणग्या आहेत. मोठी, उघडी, तळाला गेलेली. दुसरी लहान, कोपऱ्यात, तोंड शेणानं लिंपून बंद केलेली. मोठीतलं भात काढायला वाकावं लागत होतं. मी लहान फोडली. सकाळभर कांडलं. पांढराशुभ्र तांदूळ, आणि काय वास! घरभर आंबेमोहोर. कौतुक करून घ्यायला सूप घेऊन रतनबाईपुढे गेले.

तिनं वास घेतला. "कुठल्या कनगीतलं?"

"कोपऱ्यातल्या."

शिवी नाही, हसणं नाही. तोंड भिंतीकडे केलं.

कोंडिबांनी सांगितलं मग. लिंपलेली कणगी म्हणजे बियाणं. पुढच्या सालचं शेत. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. कांडलेला दाणा उगवत नाही.

गेनबा बाहेर जाऊन बसला.

भरपाई म्हणून आले, आणि हे नुकसान! याची भरपाई कोण? आता ती चावडीत काय म्हणेल ते मला कळलं. यांचं तोंड डोळ्यांपुढे आलं. मोटार. सासूबाई — "म्या म्हनलंच हुतं."

१० डिसेंबर.

कोंडिबा सकाळी म्हणाले, "कांडलं ते कांडलं. पेरता यायचं न्हाई, शिजवा. आळीला बोलवा. बियानं मोडलं म्हून गावानं वाळीत टाकायच्या आदी पोटभर जेवू."

शिजवला. अख्खी आळी जेवली! बियाणं कोणी कधी खाल्लं नव्हतं. एक म्हातारी भात तोंडात घालून डोळे मिटून बसली. "दर साल ह्याच्याकडं बघून त्वांडाला पानी सुटायचं. आज खाल्लं बया!" दुसरी म्हणाली, "मोटार अजून एकदा घाला की कुनावर." हशा. पोरं दोनदा बसली. मला कोणी ओरडलं नाही, उलट वाढ वाढ म्हणून हाका. मी रडत होते आणि वाढत होते आणि शेवटी हसतही होते.

रतनबाईही जेवली. हात धुऊन प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "ह्येच बियानं भिमाकडं हाय. लगनात वटीत घातलं हुतं, माज्या आईनं माज्या घातलं तसं. मोडलंस तू. आनायचं बी तूच."

भिमा म्हणजे वेल्ह्याची मुलगी.

१२ डिसेंबर. वेल्हे.

नसरापूरपर्यंत यांच्या मोटारीतून, पुढे बैलगाडी. मोटारीत मी पुढे बसले. यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "लायसन गेलं म्हंजे." मग थोड्या वेळानं, "गोड लागला का गं भात?" लागला म्हणाले. दोघंही हसायला लागलो, पार नसरापूरपर्यंत. हसण्यासारखं काही नव्हतं.

भिमा आईसारखीच. तेच डोळे. मी कोण ते सांगितलं. "तुमीच व्हय भरपाई! आईचा निरोप आला हुता, म्हैस लुगडं वळखते, बाई न्हाई, म्हून." बियाण्याचं सांगितलं. तिचं हसणं थांबलं.

"आईनं शिव्या दिल्या का?"

"नाही."

"एक बी?"

"नाही."

"मंग लई लागलंय तिला."

ती उठली, आपली कणगी फोडली. मी माप मागितलं. म्हणाली, "बियानं मापून देत न्हाईत. पदर धर." ओंजळीनं घालत गेली. पदर जड झाला, मी खाली वाकले, तरी घालतच होती.

१३ डिसेंबर. भाटघर.

पदर रतनबाईपुढे सोडला. तिनं मूठभर घेतलं, वास घेतला, एक दाणा दातांखाली फोडला. चावला. थुंकला.

आणि मग! आधी माझे डोळे, मग माझी अक्कल, मग पुणं, पुण्यातले मास्तर, मराठी फायनल, मोटार, मोटार करणारा गोरा साहेब, त्याची आई. एक शिवी दुसऱ्यांदा आली नाही. कोंडिबा दारात उभे राहून मान डोलवत होते, भजन ऐकावं तशी. मी तिच्या खाटेपाशी बसून ऐकत होते, आणि माझ्या जिवात जीव येत होता.

कणगी आम्ही दोघींनी लिंपली. तिनं बसून, मी उभी राहून.

२९ डिसेंबर.

कामट्या सुटल्या. पाय बारीक झालाय, पांढरा. रतनबाई त्याच्याशी बोलते. "ऊठ की रं भाड्या."

माझ्या भाकरीला आता किनारे नाहीत. कोंडिबा म्हणतात, नकाशा बुडाला, सगळं धरण झालं.

८ जानेवारी १९३८.

रतनबाई काठी घेऊन गोठ्यापर्यंत गेली. म्हशीनं तिला हुंगलं, मग मला हुंगलं. मग मध्येच उभी राहिली. कोणाकडे जावं ते कळेना तिला! गेनबा खाकरून आत आला, आम्ही दोघी एकाच काठाच्या लुगड्यात. पुन्हा खाकरला आणि बाहेर गेला.

१७ जानेवारी.

ती आता काठी विसरून चालते. मी बघते आणि बघितलं नाही असं करते.

२० जानेवारी.

सकाळी मी उठायच्या आत रतनबाईनं भरलेली घागर आणून ठेवली. "चल चावडीत."

मी म्हणाले, अजून चार दिवस पाय जपायला हवा.

"मोडलेला बैल उभा ऱ्हायला की दुसऱ्याचा बांधून ठेवायचा न्हाई. चल."

चावडी भरली होती. हे एका कडेला, ओठ वाळलेले. चिमाजी पाटलांनी विचारलं. ती उभी राहिली, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, सगळ्यांना दिसेल असा. बियाणं, नकाशा, सारवण — कशातलं काही नाही. एवढंच, मोठ्यानं:

"भरून पावले."

यांनी फेटा काढून घाम पुसला. माझी छाती भरून आली. पूर्ण! कमी नाही, उधार नाही. मी, पूर्ण!

२१ जानेवारी. भोर.

घरी. सासूबाईंना वाकून नमस्कार केला. तोंडातून निघून गेलं, "माझ्यावाचून काही अडलं का?"

"काय अडायचंय? तसूभर न्हाई अडलं." त्यांनी खरं तेच सांगितलं. ताट वाढलं होतं.

२४ जानेवारी.

भाकरी करू का म्हणून विचारलं. "तू बस."

बसले.

२९ जानेवारी.

रतनबाई आली!

बैलगाडी दारात. गेनबा जुवाजवळ, नजर बैलांच्या शेपटीवर. ती बोचकं काखेत घेऊन सरळ आत. हे मोटारीखाली पडून काहीतरी पिळत होते, तिथून डोकं बाहेर काढलं.

"काय काम काढलं, रतनबाई?" सासूबाई.

"भरपाईला आले."

"कसली? तुमी तर भरून पावलात की."

"म्या पावले. तुमी कुठं पावलात, बाळाआक्का? तुमच्या घरातली बाई आमच्यात राबली. तवर तुमचं काम पडलं असंल. ते कोन भरनार? बाईला बाई. आले."

सासूबाई हसल्या. मोकळेपणी, खऱ्या हसल्या. "अवो, आमचं तसूभर अडलं न्हाई!"

"तसूभर न्हाई?"

"न्हाई."

रतनबाईनं बोचकं खाली ठेवलं. "मंग घोटाळा झाला की. जिच्या जान्यानं तसूभर अडत न्हाई, ती बाई तुमी आमाला भरपाई म्हून दिली? रिकामा बैल? आन म्या भरून पावले म्हनले, भर चावडीत! आता शब्द मागं घ्यावा लागंल. अवो, गाडी वळवा. पाटलाकडं जायाचं."

हे मोटारीखालून बाहेर आले. हातात पाना. "रतनबाई, अवो —"

"तुमी गप बसा. तुमचं कोर्टात बघू."

मी खांबाला धरून उभी. तिच्याकडे बघायची माझी छाती नव्हती. सासूबाईंनी मोटारीकडे पाहिलं. लेकाकडे. मग माझ्याकडे. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. म्हशीसारखंच पाहिलं — हुंगल्यासारखं.

"अडलं," त्या म्हणाल्या.

"आं?"

"अडलं म्हनते न्हवं! लई अडलं. चूल, पानी, समदं हीच बघती हितं."

"मंग आदी का न्हाई सांगितलं, आक्का!" रतनबाईनं बोचकं उचललं आणि चुलीकडे गेली.

मी परसात पळाले. तिथं रांजणामागे बसून तोंडात पदर कोंबून हसले.

३० जानेवारी.

सकाळी रतनबाई चुलीपुढे बसली. जाळ केला, परात ओढली. मला म्हणाली, "पीठ कुठं ठिवतीस गं?"

पीठ! या घरात पीठ कुठं असतं ते मी कधी पाहिलंच नाही. रतनबाई हात पुढे करून बसलेली. मी दोन उतरंडींपुढे उभी. मडक्यावर मडकं, सगळी सारखी, काळी.

रतनबाईच्या पाठीमागे दारात सासूबाई होत्या. हनुवटीनं डावी उतरंड दाखवली. मग तीन बोटं. बोटं खाली वळवली — वरून.

वरची दोन मडकी उतरवली. तिसऱ्यात हात घातला.

पीठ होतं.